सत्कार कोणाचा आणि कशासाठी?



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की महाविद्यालयाच्या माजी खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा सन्मान हा तत्त्वज्ञानाचा विषय कसा काय होतो? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं, मैदानावर फारसे गेलो नाही. पण दोन तत्त्वचिंतकांनी खेळाडूंच्या याद्या करण्याचं अगदी कारकुनी काम केलेलं आहे. त्यातले एक तर खुद्द ॲरिस्टॉटल. त्यांच्याकडे आपण येऊच. आधी आपल्या डोळ्यांपुढचा सत्कार बघू.

आपल्याकडे सत्कार कसा होतो हे सगळ्यांना पाठ आहे. व्यासपीठावर लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या. निवेदक नाव पुकारतो, सत्कारमूर्ती उठतात, शाल खांद्यावर पडते, श्रीफळ हातात येतं, फोटोवाला ‘इकडे बघा’ म्हणतो, आणि दीड मिनिटात पुढचं नाव. रात्री घरी कोणी विचारलं, ‘अहो, कशाबद्दल होता सत्कार?’ तर सत्कारमूर्तींनाच नीट सांगता येत नाही. ‘कॉलेजने बोलावलं होतं’ एवढंच उत्तर येतं.

आता एखादं तालुक्याच्या गावचं लहान कॉलेज डोळ्यांपुढे आणा. पन्नास वर्षं झाली आहेत. मुलं खेळली, जिंकली, हरली, निघून गेली. सुवर्णमहोत्सव आला किंवा नॅकची समिती येणार असली की कोणाला तरी सुचतं, ‘माजी खेळाडूंचा सत्कार करू या.’ सूचना चांगलीच आहे. पण लगेच तीन प्रश्न उभे राहतात. कोणाचा करायचा? कशासाठी करायचा? आणि कधी करायचा? हे तीन प्रश्न व्यवस्थेचे वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: सन्मान करताना आपण नेमकं काय करत असतो?

याचा विचार करायला आपण एक खरं उदाहरण घेऊ. ते महाराष्ट्रातलंच आहे, आणि तुम्हाला अर्धं माहीतही आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळच्या गोळेश्वर गावी. वडील पैलवान, त्यामुळे तालीम घरातच. शाळा कराडचं टिळक हायस्कूल, आणि पुढे कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. राजाराम कॉलेज १८८० सालचं, नावाजलेलं. त्याला लहान म्हणणं बरोबर होणार नाही. पण ऑलिम्पिकच्या मापाने पाहिलं तर त्या काळी आपलं कोणतंही कॉलेज लहानच. अंगाने खाशाबा लहानखुरे होते. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत उतरायला त्यांना आधी नकार मिळाला, मग प्राचार्यांकडे जाऊन त्यांनी परवानगी मिळवली आणि अंगापिंडाने मोठ्या गड्यांना चीत केलं, अशी हकीकत सांगतात.

१९४८ साली ते लंडन ऑलिम्पिकला गेले. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. सगळा सराव लाल मातीतला, आणि तिथे कुस्ती गादीवरची. नियम वेगळे, पकडी वेगळ्या. तरीही फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला.

चार वर्षांनी हेलसिंकी. निवड होण्यासाठीही झगडावं लागलं, आणि निवड झाल्यावर पैशाचा प्रश्न. गावाने वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचं प्राचार्यपद भूषवलेल्या बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. कोणा नातेवाइकासाठी नव्हे, कॉलेजातल्या एका विद्यार्थ्यासाठी.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक १९९६ साली लिअँडर पेसने आणलं, म्हणजे मधे चव्वेचाळीस वर्षं गेली. खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनवरून दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग त्यांनी काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पुढची जरा हळू आवाजात सांगतो. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी मशाल घेऊन धावण्याचा मान मिळाला. पुढच्या वर्षी सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९९२-९३ चा, मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव २०१० साली लागलं. आणि आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

हा हिशेब जरा मांडून पाहा. देणं दोन बाजूंचं होतं. खाशाबांवर खर्डेकरांचं देणं होतं, ते त्यांनी मैदानात उतरून लवकरात लवकर फेडलं. आपल्यावर, म्हणजे समाजावर, खाशाबांचं देणं होतं. ते फेडायला आपण निघालो तेव्हा घेणारा माणूस जागेवर नव्हता.

आता विचाराकडे वळू. ‘सन्मान’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली गोष्ट बक्षीस. स्पर्धा झाली, नियम ठरलेले होते, जो पहिला आला त्याला पदक. त्यात देणाऱ्याचा उपकार नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. तो सरळ न्याय आहे. दुसरी गोष्ट गौरव. माणूस थोर आहे असं आपण चारचौघांत म्हणतो. तिसरी गोष्ट कृतज्ञता. ‘तुमच्यामुळे आम्हाला हे मिळालं’ अशी कबुली.

माजी खेळाडूचा सत्कार यातल्या कोणत्या खान्यात बसतो? बक्षीस तर त्याला तेव्हाच मिळालं, ढाल कपाटात आहे. गौरव करायला गाव, राज्य, देश आहेत. जो फार मोठा झाला त्याला कॉलेजच्या शालीची गरज नाही. कॉलेजजवळ देण्यासारखी उरते ती तिसरी गोष्ट. आणि ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही, कारण देणं कॉलेजचं आहे. म्हणून आमचं म्हणणं असं, की कॉलेजने केलेला सत्कार ही कर्जाची कबुली असली पाहिजे. एकदा हे मान्य केलं की ते तीन प्रश्न सोपे होऊ लागतात.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात आरंभीच एक मुद्दा मांडला आहे. मान हा आयुष्याचं अंतिम ध्येय होऊ शकत नाही, कारण तो घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अवलंबून असतो. हा मुद्दा सहसा मान घेणाऱ्याला सावध करण्यासाठी सांगतात, की बाबा रे, दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टीमागे लागू नकोस. पण तो उलटून पाहा. मान देणाऱ्यावर अवलंबून असेल, तर मान देताना परीक्षा देणाऱ्याचीच होते. त्याला माणूस माहीत आहे का, त्याने केलेलं काम माहीत आहे का, की नुसती यादी वाचतो आहे? चुकीचं नाव पुकारून दिलेल्या मानपत्राने समोरच्याची किंमत घटत नाही. आपलं अज्ञान तेवढं उघडं पडतं.

इथे एक जुना आक्षेप येतो, आणि तो आमच्याच घरातला आहे. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयात सॉक्रेटिसला दोषी ठरवल्यावर विचारलं, की तुला कोणती शिक्षा योग्य वाटते? अथेन्समध्ये ऑलिम्पिया जिंकणाऱ्यांना नगरभवनात सरकारी खर्चाने भोजन मिळत असे. सॉक्रेटिसने तेच भोजन मागितलं. त्याचा युक्तिवाद असा, की रथाची शर्यत जिंकणारा तुम्हाला सुखी झाल्यासारखं वाटायला लावतो, मी तुम्हाला खरोखर सुखी करायला बघतो. शिवाय त्याला अन्नाची ददात नाही, मला आहे. गंमतीचा भाग सोडा. प्रश्न खरा आहे. खेळाडूचाच सत्कार का? वाचनालयातल्या ग्रंथपालाचा का नाही? गणितात पहिल्या आलेल्या मुलीचा का नाही?

उत्तर असं, की त्यांचाही करावा. पण खेळाडूच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी असते. गणितात पहिली आलेली मुलगी स्वतःचं गुणपत्रक घेऊन जाते. नाव तिचं, फायदाही तिचा. कबड्डीचा गडी छातीवर कॉलेजचं नाव लावून उतरतो. जिंकला तर ‘आपलं कॉलेज जिंकलं’ असं वर्गात बसलेली, मैदानाकडे न फिरकलेली मुलंसुद्धा म्हणतात. आम्ही प्राध्यापकसुद्धा म्हणतो. गुडघा त्याचा फुटतो, ढाल कॉलेजच्या कपाटात जाते. म्हणजे कॉलेजने त्याच्याकडून काहीतरी घेतलेलं आहे. घेतलं म्हणून देणं लागतं, इतकं ते सरळ आहे.

आता प्रशिक्षकाचं पाहू. ग्रीकांचा मोठा कवी पिंडार विजेत्यांवर स्तुतिगीतं रचत असे. इ.स.पू. ४६० मध्ये आल्किमेडॉन नावाच्या एका मुलाने ऑलिम्पियाला कुमारांची कुस्ती जिंकली. त्याच्यावरच्या गीतात पिंडारने मेलेसियास या त्याच्या वस्तादालाही जागा दिली, आणि हा वस्तादाच्या शिष्यांचा तिसावा विजय आहे याचीही नोंद केली. अडीच हजार वर्षांपूर्वी कवीला हे कळत होतं, की मुलाच्या पाठीवर कोणाचा तरी हात आहे. कोणाच्या किती शिष्यांनी किती कुस्त्या मारल्या, हे कोणीतरी मोजून ठेवलेलं होतं.

आपल्याकडे अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली, म्हणजे चोवीस वर्षांनी. त्या पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीसाठी भालचंद्र भास्कर भागवत होते. दोन्ही नावं महाभारतातली, आणि दुसऱ्या नावापाशी आपण थोडं अडखळतो. द्रोण म्हटलं की अर्जुन आठवतो, तसाच एकलव्यही आठवतो. ज्याला शिकवलं नाही त्याचा अंगठा मागणारा गुरू! या गोष्टीतून आजच्या कॉलेजला घेण्यासारखा धडा आहे. गुरूचा मान करताना, त्याने कोणाला शिकवलं याबरोबर कोणाला मैदानाबाहेर ठेवलं हेही विचारायला हवं. ज्या शिक्षकाने फक्त तयार पोरं निवडून ढाली आणल्या, आणि ज्याने अनवाणी आलेल्या पोरीला बूट मिळवून देऊन खेळवलं, त्या दोघांत कॉलेज कोणाचं जास्त देणं लागतं? ढालींची संख्या या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

आपल्या परंपरेत माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो असं सांगितलं आहे: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. तैत्तिरीय संहितेत हा विचार ब्राह्मणाच्या संदर्भात येतो, पण त्यातली रचना सगळ्यांच्या उपयोगाची आहे. ऋषिऋण कसं फिटतं? ऋषींना परत काही देऊन फिटत नाही, अध्ययनाने फिटतं. म्हणजे मिळालेली विद्या आपण चालू ठेवायची. खाशाबांनी खर्डेकरांचे सात हजार फेडले, ते ऋण पैशाचं होतं. पण कोल्हापूरच्या तालमीत बाबूराव बलावडे यांच्यासारख्या वस्तादांनी जे शिकवलं ते फेडायला मैदान भरवून चालत नाही. ॲरिस्टॉटलही म्हणतो, की आईबाप आणि ज्यांनी विद्या दिली त्यांची बरोबरीने परतफेड होत नाही. जमेल ते द्यावं. प्रशिक्षकाचा खरा सन्मान म्हणूनच दोन भागांचा असतो. त्याचं नाव घ्यायचं, आणि त्याचं मैदान चालू ठेवायचं. मैदानावर पार्किंग करून मग त्याच प्रशिक्षकाच्या गळ्यात हार घालणं म्हणजे एका हाताने काढून घेऊन दुसऱ्या हाताने नमस्कार करणं झालं.

आणि या उदाहरणात खर्डेकर कोणत्या रकान्यात बसतात? ते खेळाडू नाहीत, प्रशिक्षकही नाहीत. आमच्या मते प्रत्येक कॉलेजच्या यादीत एक रकाना अशा माणसांसाठी हवा. फक्कीने मैदान आखणारा शिपाई, स्वतःच्या खिशातून एसटीचं भाडं देणारा कारकून, संघाला जेवू घालणारी मेसवाली. यांच्याशिवाय संघ उभा राहत नाही, आणि ढालीवर त्यांचं नाव कधीच येत नाही.

आता आमच्याच कॉलेजची एक गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत. सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं. माजी खेळाडूंचा सत्कार ठरला आणि समितीत आम्हीही होतो. जिमखान्याच्या भिंतीवर मुलींच्या खो-खो संघाचा एक जुना फोटो होता. पुढे खुर्च्यांवर अध्यक्ष, प्राचार्य, सचिव. मागे बारा मुली, मधे ढाल. फोटोखाली खुर्चीवर बसलेल्यांची नावं सुवाच्य अक्षरात होती. उभ्या असलेल्या मुलींपैकी एकीचंही नाव नव्हतं. ज्या शारीरिक शिक्षणाच्या सरांनी संघ घडवला, ते फोटोतच नव्हते.

नावं शोधायला लागलो. जुनी मस्टरं वाळवीने खाल्लेली. निवृत्त झालेल्या एका शिपाईमामांनी फोटो बघून नऊ जणी ओळखल्या, त्याही वडिलांच्या आणि वाड्या-वस्त्यांच्या नावांवरून. मग लक्षात आलं, की मुलींना शोधणं मुलांपेक्षा कितीतरी अवघड आहे. लग्नानंतर आडनाव बदलतं, कित्येक घरांत नावही बदलतं. कॉलेजच्या दप्तरातली मुलगी आणि आज कुठेतरी नातवंडं सांभाळणारी बाई, या दोघींना जोडणारा धागा कोणाकडेच नसतो. मुलगे सापडतात, मुली हरवतात, आणि मग सत्काराच्या यादीत पुरुषच पुरुष दिसतात. त्यावरून कोणी असा निष्कर्ष काढला, की मुली खेळतच नव्हत्या, तर ती तर्कदोषाची नमुनेदार उदाहरणं देतो ना, त्यातली एक होईल.

समारंभाला सात जणी आल्या. त्यांतल्या एका बाईंनी चहाच्या वेळी आम्हाला नमस्कार केला आणि हसत म्हणाल्या, ‘सर, तर्कशास्त्राच्या तासाला तुम्ही माझी हजेरी कापली होती. आम्ही विद्यापीठाच्या स्पर्धेला गेलो होतो तेव्हा. परीक्षेला बसायला फॉर्म अडला होता, मग आपल्या क्रीडासरांनी ऑफिसात जाऊन सोडवला.’ त्यांना राग नव्हता. पण आम्हाला त्या दिवशीचा चहा गेला नाही. ढाल आली तेव्हा ‘आपलं कॉलेज जिंकलं’ म्हणणाऱ्यांत आम्हीही होतोच की.

ते क्रीडासर चार वर्षांपूर्वीच वारले होते. समारंभात त्यांच्या पत्नीला शाल दिली. महिन्याभराने त्यांनी एक वही पाठवून दिली. दोनशे पानी साधी वही. त्यात वर्षवार संघ, प्रत्येक मुलीचं पूर्ण नाव, गाव, कोणत्या सामन्यात कोण किती वेळ टिकली, कोणाला बूट घेऊन दिले, एसटीच्या भाड्याचा हिशेब. आम्ही शोधत होतो ते सगळं त्या वहीत होतं. ओळख न पटलेल्या तिघींची नावंही होती. एकीचा पत्ता लागला, एक परगावी होती, एक गेली होती. वही आधी मिळाली असती तर, असं आम्ही म्हणत राहिलो. पण खरं म्हणजे ती आम्ही कधी मागितलीच नव्हती.

म्हणून आता त्या दोन तत्त्वचिंतकांकडे येऊ. पहिला हिप्पियास. सोफिस्ट म्हणून आपण याला ओळखतो, प्लेटोने त्याच्या नावाचे दोन संवाद लिहून त्याची बरीच फिरकी घेतली आहे. पण याच माणसाने इ.स.पू. ४०० च्या सुमारास ऑलिम्पियाच्या विजेत्यांची यादी तयार केली. पुढे ग्रीकांची कालगणना अशा यादीच्या आधारावर उभी राहिली. पहिलं ऑलिम्पिक इ.स.पू. ७७६ चं, हे जे आपण म्हणतो ते त्याच परंपरेतून आलेलं आहे.

दुसरा ॲरिस्टॉटल. त्याने पुतण्यासारख्या नात्यातल्या कॅलिस्थेनीसबरोबर डेल्फीच्या पायथियन स्पर्धांच्या विजेत्यांची यादी केली. डेल्फीने त्याबद्दल दोघांचा सन्मान केला आणि तसा शिलालेख लावला. त्याचा तुकडा उत्खननात सापडलेला आहे. पुढे अलेक्झांडर मेला, वारं फिरलं, मॅसिडोनियाशी संबंध असलेल्यांवर रोष आला, आणि ॲरिस्टॉटलला दिलेला मान काढून घेण्यात आला. त्याबद्दल त्याने एका मित्राला लिहिलं म्हणतात, की याचं फार दुःख नाही, पण अगदीच काही वाटत नाही असंही नाही. मान देणाऱ्यावर अवलंबून असतो, हे लिहिणाऱ्याला ते असं अनुभवायला मिळालं!

यातून शिकण्यासारखं काय? मान काढून घेतला, यादी राहिली. जी गोष्ट खरोखर घडली तिची नोंद वाऱ्याबरोबर फिरत नाही. आपणही सत्कार करताना माणसाला एकंदर थोर ठरवायला गेलो, तर उद्या त्याच्या राजकारणावरून, वागण्यावरून वाद होणार. पण ‘अमुक वर्षी, अमुक स्पर्धेत, पायाला दुखापत असताना यांनी शेवटचा डाव खेळला’ असं मानपत्रात लिहिलं, तर ते कोणाला खोडता येत नाही. विशेषणं कमी, क्रियापदं जास्त, हा मानपत्राचा नियम असावा.

अमेरिकेत अनेक लहान कॉलेजांत ही गोष्ट पद्धतशीर होते. तिकडे ‘हॉल ऑफ फेम’ म्हणतात. या नावाची वास्तू न्यूयॉर्क विद्यापीठाने ब्राँक्समध्ये १९०१ साली उघडली, थोर अमेरिकनांचे अर्धपुतळे ठेवण्यासाठी. खेळात ही कल्पना बेसबॉलने रुजवली. पहिली निवड १९३६ ची, कूपर्सटाउनचं संग्रहालय १९३९ चं. कॉलेजं आपापल्या मापाने तेच करतात. साधारण रीत अशी असते: शिक्षण संपल्यावर काही वर्षं गेल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, म्हणजे कालच्या टाळ्यांचा जोर ओसरतो. नावं माजी विद्यार्थ्यांनी सुचवायची. खेळाडू, प्रशिक्षक, संपूर्ण संघ आणि खेळासाठी इतर मार्गांनी झटलेली माणसं, असे वेगळे रकाने ठेवायचे. दरवर्षी थोडीच नावं घ्यायची. खर्डेकरांसारख्यांसाठी त्यात आयती जागा आहे, आणि बारा मुलींचा संघ एकदम घ्यायचीही सोय आहे.

पण तिथलीच एक इशाऱ्याची गोष्टही लक्षात ठेवू. ब्राँक्सचा तो परिसर विद्यापीठाने १९७३ साली सोडला. त्यानंतर पैसा आटला, आणि शेवटी निवडून आलेल्या काही जणांचे अर्धपुतळे कधी बसलेच नाहीत. दगड आणि पितळ महाग असतं. वही स्वस्त असते.

राहिला प्रश्न, जिंकणाऱ्यांचाच सन्मान करायचा का? पुन्हा खाशाबांकडे पाहा. १९४८ चा सहावा क्रमांक कोणत्याही पदकतक्त्यात दिसत नाही. पण मातीतल्या गड्याने गादीवर मिळवलेला तो सहावा क्रमांक नसता, तर १९५२ चं पदक आलं असतं का? ज्या कॉलेजला आपलं देणं कळतं त्याला सहाव्या क्रमांकाचंही मोल कळतं. देशाला पदकं मोजावी लागतात. कॉलेजला आपली पोरं जवळून माहीत असतात, त्यामुळे कोणी कशावर मात करून किती मजल मारली हे त्याला पाहता येतं. लहान असण्याचा हा फायदा आहे, तो वाया घालवू नये.

आणि कधी करायचा, याचं उत्तर तर खाशाबांच्या तारखांनीच दिलं आहे. कर्ज फेडायला मुहूर्त लागत नाही. सुवर्णमहोत्सवाची वाट बघू नये, नॅकची तर मुळीच बघू नये. सगळ्यात वयस्कर जे असतील त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि त्यांना व्यासपीठावर यायला जमत नसेल तर आपण त्यांच्या घरी जावं. माणूस ऐकू शकतो, ‘हो, हे असंच घडलं होतं’ किंवा ‘छे, तो डाव माझा नव्हता, तिचा होता’ असं म्हणू शकतो, तोवर सत्काराला अर्थ आहे. मरणोत्तर सन्मान करू नये असं नाही. पण त्यात दुरुस्ती सांगणारा कोणी नसतो.

शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. हे व्याख्यान ऐकणाऱ्यांत शिक्षक असतील, माजी विद्यार्थी असतील. आपापल्या कॉलेजच्या जिमखान्यात जा. भिंतीवरच्या एखाद्या फोटोखाली उभ्या असलेल्यांची नावं नसतील. मोबाइलवर त्याचा फोटो काढा, जुन्या शिपाईमामांना दाखवा, वार्षिक अंकांची जुनी पानं चाळा, निवृत्त क्रीडाशिक्षकांच्या घरी जाऊन विचारा, ‘सर, तुमची एखादी वही आहे का?’ मिळतील ती नावं लिहून फोटोखाली चिकटवा. मुलींची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं लिहा. शाल-श्रीफळाचं नंतर बघू.

आमच्या कॉलेजातल्या त्या फोटोखाली आता बाराही नावं आहेत. तेराव्या ओळीत क्रीडासरांचं नाव आहे, ते फोटोत नसले तरी.